कुन्नूरला जा, पण दिवाळीत नको

पुण्यातल्या घरांत चहाच्या डोंगरावर जायचा विषय निघाला की मुन्नारचं नाव येतं आणि तारखा दिवाळीच्या सुट्टीतल्या काढल्या जातात. मुन्नारऐवजी निलगिरीतलं कुन्नूर निवडा, हे माझं मत. त्यावर वाद होऊ शकतो. तारखांवर मात्र नको.

आपल्याकडे दसरा उलटला की पाऊस संपला असं धरून चालतात. कुन्नूर निलगिरीच्या पूर्वेकडच्या उतारावर आहे, आणि तिथला मोठा पाऊस ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. दरडी याच काळात कोसळतात. नोव्हेंबर २००९ मध्ये निलगिरीतल्या दरडींनी चाळीसहून जास्त माणसं गेली. एरवीही या महिन्यांत डोंगराच्या पायथ्याच्या मेट्टुपालयमहून कुन्नूरला चढणाऱ्या लोहमार्गावर दगडमाती येते आणि डोंगरी गाडी काही दिवस बंद पडते. तिकिटाचे पैसे परत मिळतात, पण मुळात त्या गाडीसाठीच गेलेलो असतो. एप्रिल-मेमध्ये हवा छान, पण उटीची बरीच गर्दी कुन्नूरच्याच घाटातून वर चढते. जानेवारीचा दुसरा आठवडा ते मार्चचा मध्य हा काळ सगळ्यात सोयीचा. पोंगलचे चार दिवस तेवढे टाळा.

पुण्याहून कुर्ला–कोइंबतूर एक्सप्रेस मिळते. एक अख्खा दिवस आणि वर रात्र गाडीत जाते. विमानाने जायचं तर थेट नाहीतर बेंगळुरू किंवा चेन्नईमार्गे कोइंबतूर. कसेही गेलात तरी आदल्या रात्रीचा मुक्काम मेट्टुपालयमला करा, कारण डोंगरी गाडी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी सुटते. कोइंबतूरहून पहाटे टॅक्सी करून ती गाठायचा बेत कागदावर जमतो. टॅक्सीवाला वीस मिनिटं उशिरा आला की संपलं.

आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि जागा भराभर जातात. मेट्टुपालयम–कुन्नूर नाही मिळालं तर हिरमुसून कुन्नूर–उटी तुकड्याचं तिकीट काढणारे बरेच. त्या तुकड्यावर दिवसभरात जास्त फेऱ्या असतात, जागाही मिळते, पण दातेरी रूळ तिथे नाही. गंमत सगळी कल्लार ते कुन्नूर. दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्या आहेत, इंजिनाची दातेरी चाकं त्यांत अडकतात आणि बारा फुटांना एक फूट असा चढ गाडी ताशी जेमतेम तेरा किलोमीटरने चढते. वाफेचं इंजिन मागे असतं आणि डबे वर ढकलतं, त्यामुळे सगळ्यात पुढच्या डब्यातून थेट रूळ दिसतात. इंजिन पाणी प्यायला थांबतं तेव्हा खाली उतरून घ्या. मेट्टुपालयम समुद्रसपाटीपासून सव्वातीनशे मीटरवर आणि कुन्नूर स्टेशन १,७०० मीटरच्या वर. सुमारे साडेतीन तासांत सुपारीच्या बागांतून चहात पोचता. स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका.

परतताना रस्ता धरा. घाटात चौदा वळणं आहेत. गाडी लागणाऱ्याने पुढे बसावं आणि इडली दोनच खाव्यात. स्वतःची किंवा भाड्याची गाडी नेणार असाल तर निलगिरी जिल्ह्यात शिरण्यासाठी मे २०२४ पासून ई-पास लागतो. तो सरकारी संकेतस्थळावर काढायचा. टॅक्सी ठरवताना तो कोण काढणार ते आधीच विचारून घ्या. सरकारी बसच्या प्रवाशाला ही भानगड नाही. प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना जिल्ह्यात बंदी आहे, तपासणीत काढून घेतात. स्टीलची बाटली न्या.

कुन्नूरचे दोन भाग आहेत: खाली स्टेशन आणि बाजार, वर सिम्स पार्क आणि शांतता. राहायला वरचा भाग घ्या, तीन रात्री पुरतात. लॅम्ब्स रॉक आणि डॉल्फिन्स नोज ही दरी बघायची ठिकाणं एकाच रस्त्यावर आहेत. सकाळी नऊच्या आत पोचा. दुपारकडे दरीतून धुकं वर येतं आणि मग कॅथरीन धबधब्याऐवजी पांढरा पडदा बघून परतावं लागतं. चहाच्या मळ्यांत संध्याकाळी भटकू नका. गवे येतात, अगदी वस्तीतसुद्धा, आणि फोटोसाठी जवळ गेलेल्या माणसाची त्यांना कदर नसते. बेकरीत वर्की मिळते, आपल्या खारीची जरा कडक चुलत बहीण. ती चहात बुडवूनच खायची.

चहाचा कारखाना बघायला जायचं तर आधी फोन करा. मळ्यांत रविवारी पानतोड नसते, त्यामुळे सोमवारी सकाळी यंत्रं बहुधा थंड असतात. जानेवारीत पानही कमी येतं, म्हणून आठवड्याच्या मधला दिवस धरा. आत गेल्यावर आधी पानं सुकवण्याचे लांबलचक हौद बघा. जाळीखालून वारा सोडून बारा ते सोळा तासांत पान मऊ पाडतात; इथे घाई झाली की पुढचं काहीच नीट होत नाही. मग सीटीसीचे (क्रश-टेअर-कर्ल, म्हणजे दाणेदार चहाचे) दातेरी रोलर: दोन रोलर उलट दिशांना, वेगवेगळ्या गतीने फिरतात आणि पान चिरडून, फाडून, गोळी करतात. ऑर्थोडॉक्स चहात पान फक्त वळतात. नंतर हवेत ठेवून ते तांबूस होऊ देणं, गरम हवेने वाळवणं आणि चाळणं. चार-पाच किलो हिरव्या पानांचा एक किलो चहा होतो.

खरेदीत पुणेकर फसतात ते इथे. महागडा ऑर्थोडॉक्स घेऊन येतात आणि घरी आलं-वेलची-दूध घालून अमृततुल्यासारखा उकळतात. मग सुगंध जातो, रंगही येत नाही आणि चहा बंडल निघाला म्हणतात. निलगिरीचा चहा सुगंधी आणि हलका असतो. दुधाच्या चहासाठी सीटीसी घ्या आणि घरी त्यात निम्मा आसाम मिसळा. ऑर्थोडॉक्स कोरा प्यायचा: पाऊण कप पाण्याला दोन ते अडीच ग्रॅम, पाणी उकळून गॅस बंद करायचा, पान घालून तीन मिनिटं झाकायचं आणि गाळायचं. डिसेंबर-जानेवारीतल्या थंडीत पान सावकाश वाढतं आणि वास दाट होतो. तोडीचा महिना विचारून तो चहा घ्या. गार केल्यावर निलगिरीचा चहा सहसा गढूळ होत नाही, त्यामुळे एप्रिलमध्ये लिंबू-चहालाही तोच चांगला.

‘चॉकलेट चहा’ वगैरे सुवासिक पाकिटं सोडून द्या. सुट्या चहाची शंका आली तर ओल्या टिपकागदावर चिमूटभर पसरा. लगेच रंगाचे डाग उतरले तर रंग घातलेला आहे. पाव किलोपेक्षा जास्त ऑर्थोडॉक्स आणू नका. पावसाळ्यात पुण्याची दमट हवा उघड्या पाकिटाची वाट लावते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा आणि तो डबा मसाल्यांच्या फडताळात ठेवू नका, कारण चहा हिंगाचा वास पटकन धरतो.