पणजीचं गोत्र

नाशिकच्या रामकुंडावर येणाऱ्या यजमानाने गाव-आडनाव सांगितलं की आम्ही तीर्थपुरोहित त्याच्या वंशाच्या नामावळीचं बाड काढतो. जुन्या नोंदी मोडी लिपीत. मॉरिशसहून आलेल्या एका गृहस्थांकडे मात्र स्वतःचाच कागद होता. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून काढलेली खापरपणजोबांची नोंद: गिरमिटिया (करारावर नेलेला मजूर) म्हणून मिळालेला क्रमांक, बापाचं नाव, जात, उंची, रत्नागिरीकडचं गाव.

आमच्या बाडात त्या गावचे खोत निघाले, मजूर नाही. निघणार कुठून? कोकणातून नाशिकला यायला पैसा लागतो, सवड लागते. ज्याला ते परवडलं त्याचाच वंश आमच्याकडे टिकला (हे यजमानाला सहसा सांगत नाही). मळ्यावर राबायला नेलेल्या माणसाची उंचीसुद्धा गोऱ्यांच्या कारकुनाने टिपून ठेवली होती.

मग त्यांनी मोबाइलवर डीएनए अहवाल दाखवला. बहुतेक भारत, आठवा हिस्सा मादागास्कर-आफ्रिका, चिमूटभर फ्रान्स.

"आईच्या आईची आई, गुरुजी. मारी."

मॉरिशसला मूळ वस्ती नव्हतीच. फ्रेंचांनी मादागास्कर, मोझांबिकहून गुलाम आणले. १८३५ मध्ये गुलामी सुटली, तेव्हा इकडून मजूर गेले. सुरुवातीला त्यांत बायका फारच थोड्या, म्हणून अशा जोड्या जुळल्या. तरी त्यांच्या घरात पणजीचं नाव निघत नसे, कारण क्रेओल, म्हणजे त्या गुलामांचे वंशज, खालचे मानलेले. फ्रेंच रक्ताचं मात्र मामा चारचौघांत कौतुकाने सांगायचे. ते आलं असणार याच बाईकडून!

श्राद्धात आईच्या आईची आई ठरलेल्या पिंडांत बसत नाही. अशांना धर्मपिंडात, म्हणजे नाव न घेता सगळ्यांसाठी दिलेल्या पिंडात, गाठतात. त्यांना नाव घेऊन हवं होतं. गोत्र ठाऊक नसेल तर काश्यप, हा नियम आहेच. मी मारीचा उच्चार काश्यप गोत्रात केला, आणि त्यांनी नामावळीत अडखळत्या देवनागरीत स्वहस्ते लिहिलं: पणजी मारी, मूळ मादागास्कर.

संध्याकाळी दादाने वही पाहिली.

"हे कशाला लिहू दिलंस? उद्या त्यांच्या पोरांच्या सोयरिकीला आडवं येईल."

मी हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचं २००९ चं संशोधन काढलं. आपले जवळजवळ सगळेच समाज दोन प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून झालेत. वरच्या म्हणवणाऱ्या जातींत त्यातल्या एकाचा वाटा जरा जास्त, इतकंच.

"ते तुझ्या मोबाइलात ठेव," दादा म्हणाला. "वहीत नको."

पान फाडायला मात्र तोही धजला नाही. यजमानाचं हस्ताक्षर खोडायची आमच्यात रीत नाही.