सोनं भुरभुरलेली खाचरं
आज जपानमधल्या कानाझावातल्या एका दुकानात उरुशीचा (म्हणजे उरुशी झाडाच्या चिकाचा लेप दिलेला) डबा बघितला, काळ्या कुळकुळीत झाकणावर भाताची खाचरं, गवती छपराचं घर, मागे धुकं, सगळं सोन्याच्या भुकटीत!! त्याच चिकाने चित्र काढायचं आणि ते ओलं असतानाच वरून सोनं भुरभुरायचं, याला माकि-ए म्हणतात. गंमत म्हणजे हा चीक उन्हात नाही, दमट हवेत वाळतो, ७०-८० टक्के दमटपणा लागतो, म्हणजे कोकणात पावसाळ्यात मस्त वाळेल की (पापड वाळत नाहीत ते सोडा). आणि अंगाला लागला तर बिब्ब्यासारखा उततो, झाडं एकाच कुळातली ना. किंमत बघून डबा हळूच परत ठेवला. पण ते धुकं, नुसते सोन्याचे कण विरळ विरळ करत नेलेत बस, डोळ्यासमोरून जातच नाहीये...