तुम्ही विचारलंत म्हणून: माझी आवडती बीएमडब्ल्यू

म्युनिकला राहतो म्हटलं की पुण्याहून आलेला पाहुणा पहिल्या चहालाच विचारतो, "मग तुमची आवडती बीएमडब्ल्यू कुठली?" त्याला एखादं ताजं, वेगवान मॉडेल ऐकायचं असतं. मी म्हणतो, "५०२. बाउर या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने बांधलेली, उघड्या छपराची." पाहुणा गप्प बिस्कीट बुडवतो.

तर आता नीटच सांगतो. दुसऱ्या महायुद्धाआधी बीएमडब्ल्यूच्या मोटारी म्युनिकला होतच नव्हत्या. त्या व्हायच्या आयझेनाखला, आणि ते गाव युद्धानंतर गेलं रशियनांच्या वाट्याला. म्युनिकमध्ये विमानांची इंजिनं बनायची, तीही बंद. मग काही दिवस भांडीकुंडी, १९४८ पासून मोटारसायकली. १९५१ साली ५०१ नावाची भारदस्त मोटार दाखवली खरी, पण पत्रा दाबायला प्रेस कुठे होते? म्हणून पहिल्या सुमारे दोन हजार गाड्यांच्या बॉड्या बाउरने बांधून दिल्या. बाउर श्टुटगार्टचा, म्हणजे मर्सिडीजच्या गावचा! मला यात अजून गंमत वाटते.

या गाडीची चासी, म्हणजे खालचा सांगाडा, बॉडीपासून वेगळी असायची. आपल्याकडे ट्रकची बॉडी जशी दुसराच बांधतो, तसं इथे करता यायचं. १९५४ला तिच्यावर १०० अश्वशक्तीचं व्ही-८ इंजिन बसलं, ती ५०२. उघडी गाडी हवी असली की चासी पुन्हा बाउरकडे. अशा मोठ्या गाड्यांनी कंपनीला कमावून मात्र काही दिलं नाही. १९५९च्या डिसेंबरात ती मर्सिडीजवाल्या डाइमलर-बेन्झच्या घशात जाता जाता वाचली.

जवळून मी ही गाडी एकदाच पाहिली, जुन्या गाड्यांच्या एका मेळ्यात. मालकीणबाई सत्तरीच्या. छप्पर कसलं, चांगली जाड गादीच ती, दुलईसारखी. उघडलं की मागे एवढं गाठोडं होतं, आरशात रस्त्याऐवजी तेच दिसतं. बाईंनी मला पुढे बसवलं. गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी, गिअरबॉक्स सीटखाली, त्यामुळे पायाशी ऐसपैस जागा. तेवढ्यात सर आली. एका बाजूने त्या, दुसरीकडून मी, "आइन्स, त्स्वाय", म्हणजे एक-दोन, करत छप्पर ओढलं. आत इतकी शांतता, की पाऊस शेजारच्या गल्लीत पडतोय असं वाटावं.

दहा मिनिटांत लख्ख ऊन पडलं. मी उत्साहाने कडीला हात घातला, तर बाईंनी मनगटावर चापटी मारली. ओल्या छपराची घडी घालायची नाही, बुरशी धरते. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या गाड्या उघड्या, आमची तेवढी बंद.