बेदाणा, लॉग टेबल आणि रात्रीचे पावणेबारा

भाचीचा बारावीचा केमिस्ट्रीचा पेपर तीन दिवसांवर आलाय आणि रात्री साडेदहानंतर तिच्या मोबाईलवर जे काही चालू होतं त्याला अभ्यास म्हणायचं का गोंधळ, ते माझं अजून ठरलेलं नाही. वहीच्या पानाचा फोटो येतो, तिरका, अर्ध्या पानावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली, खाली "हे कुणाला आलं का??" मग दोन मिनिटं सामसूम. मग एक जण आपल्या वहीचा फोटो टाकतो, त्यात उत्तर भलतंच. तिसरी म्हणते मला दोन्ही नाही पटत. चौथा म्हणतो माझं तर काहीच झालं नाहीये यार, मी झोपतो. (हा चौथा प्रत्येक बॅचला असतो आणि त्यालाच नव्वदच्या वर पडतात. आमच्या वेळच्या चौथ्याला मी अजून माफ केलेलं नाही.)

आम्ही तासगाव भागातून सांगलीला एसटीने कॉलेजला जायचो. दहावीपर्यंत मराठी मीडियम, त्यामुळे अकरावीचे पहिले चार महिने केमिस्ट्री म्हणजे मूकपटच होता. सर रिडक्शन रिडक्शन म्हणायचे, फळ्यावर बाण काढायचे, आम्ही बाण उतरवून घ्यायचो. रिडक्शन म्हणजे आपलं क्षपण, हे कळेपर्यंत दिवाळी आली. तेही सरांनी नाही सांगितलं, एसटीच्या मागच्या सीटवर शेजारच्याने सांगितलं. मग वहीच्या मागच्या पानावर आम्ही दोघांनी मिळून यादीच केली, बेस म्हणजे आम्लारी, कॅटॅलिस्ट म्हणजे उत्प्रेरक, सब्लिमेशन म्हणजे संप्लवन. आठवड्याभरात ती वही अख्ख्या एसटीत फिरून आली तेव्हा तिला वड्याचं तेल लागलेलं होतं. कॅथोडवर रिडक्शन आणि ॲनोडवर ऑक्सिडेशन लक्षात ठेवायला इंग्लिश मीडियमवाली पोरं 'रेड कॅट' आणि 'ॲन ऑक्स' म्हणायची, आमच्यात आल्यावर त्याचं लाल मांजर आणि बैल झालं. परीक्षेच्या दिवशी गेटबाहेर शेवटच्या मिनिटाला कोणीतरी ओरडायचंच, "बैल कुठं बसतो रं?"

तो मागच्या सीटवरचा म्हणजे बेदाणा. खरं नाव वेगळं, पण घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याची शेड, म्हणून हजेरीपटाबाहेर सगळीकडे बेदाणाच. फेब्रुवारी-मार्च म्हणजे बोर्डाची परीक्षा आणि तोच त्यांच्या शेडवरचा सीझन, त्यामुळे त्याला अभ्यासाला बोलवून काही उपयोग नसायचा, आपणच तिकडं जायचं. जाळ्यांवर द्राक्षं पसरलेली, खाली टोपल्या, एका बाजूला मोठा टब, त्यात कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलचं पाणी. द्राक्षाच्या सालीवर मेणासारखा थर असतो, या पाण्यात दोन-चार मिनिटं बुडवलं की तो सुटतो आणि मग आतलं पाणी भराभर उडतं, पंधरा दिवसांच्या आसपास बेदाणा तयार. प्रमाण ठरलेलं, लिटरला पंचवीस ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि पंधरा मिली तेल.

मला तेव्हा मोलॅरिटी (लिटरभर द्रावणात किती मोल, मोल म्हणजे पदार्थ मोजायचं एकक) आणि मोलॅलिटी (किलोभर द्रावकात किती मोल) यातला फरक काही केल्या कळत नव्हता. व्याख्या पाठ होत्या, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी धडाधड म्हणून दाखवल्या असत्या, पण गणितात कुठली कुठं लावायची ते कळेना. बेदाण्याने टबाकडे बोट केलं. "लिटरभर पाणी घेतलं आणि वरनं कार्बोनेट टाकलं, ती मोलॅलिटी. आधी कार्बोनेट टाकलं आणि मग लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, ती मोलॅरिटी. आमचे आबा मोलॅलिटीवाले हायत." बास. एवढंच. पाण्याचं लिटर म्हणजे किलोच की, हे माझ्या डोक्यात तिथं टबापाशी उभं राहून शिरलं.

मग म्हणाला काढ आता किती मोल झालं ते. पोटॅशियम ३९ दुणे ७८, कार्बन १२, ऑक्सिजनचे ४८, एकूण १३८, म्हणजे एका मोलचे इतके ग्रॅम. पंचवीस भागिले एकशे अडतीस. कॅल्क्युलेटर बोर्डाला चालत नाही, आजही नाही, लॉग टेबल (भागाकाराची वजाबाकी करून देणारा तक्ता) चालतं, म्हणून सवय तीच ठेवायची. २५ चा लॉग १.३९७९, १३८ चा २.१३९९, वजाबाकी केली तर उत्तर मायनस ०.७४२० आलं. मी मायनस सोडून दिला आणि ७४२ चा सरळ अँटिलॉग (लॉगवरून परत मूळ आकडा) बघितला. साडेपाच.

बेदाण्याने वहीकडे बघितलं सुद्धा नाही, हातात टोपली होती. "साडेपाच मोल म्हणजे पाऊण किलोच्या वर कार्बोनेट झालं की लेका, एका लिटरला. द्राक्षाची साल सोड, आमच्या आबांच्या हाताची साल निघंल." मग शेजारी बसून त्याने बार काढायला (मायनस फक्त पूर्णांकावर ठेवून पुढचा भाग प्लस करायला) शिकवलं, मायनस ०.७४२० म्हणजे बार वन पॉइंट २५८०, त्याचा अँटिलॉग ०.१८११. तेव्हापासून कुठलंही उत्तर आलं की मी आधी विचारतो की हे टबात टाकलं तर काय होईल. ऑफिसातल्या एक्सेल शीटला पण.

सर वाईट शिकवायचे असं अजिबात नाही, उलट फार जीव तोडून शिकवायचे. पण त्यांना ते येऊन वीस वर्षं झालेली, आपण कुठं अडखळलो होतो ते माणूस वीस वर्षांनी कसं सांगणार? बेदाण्याला ते कळून जेमतेम आठवडा झालेला असायचा, खड्डा ताजा, पायाला चिखल अजून तसाच. तो चुकीचं पण सांगायचा बरं का. ब्राऊन रिंग टेस्ट सल्फेटची म्हणून त्याने मला आणि मी आणखी तिघांना सांगितली होती, ती नायट्रेटची निघाली, आणि प्रॅक्टिकलला आम्ही पाच जण एकाच चुकीने पडलेले बघून बाहेरून आलेले परीक्षक हसायला लागले.

तर काल रात्री भाचीच्या ग्रुपवर अडलेलं गणित हे. फर्स्ट ऑर्डर रिॲक्शन ९९.९ टक्के पूर्ण व्हायला लागणारा वेळ हा हाफ लाइफच्या (निम्मा पदार्थ संपायला लागणाऱ्या वेळेच्या) दहा पट असतो हे दाखवा. सगळ्यांचं उत्तर शून्य पॉइंट शून्य शून्य काहीतरी येत होतं. "मामा, तुम्ही सायन्सवाले ना?" झालं. मी वही घेतली, २.३०३ भागिले के (रिॲक्शनचा वेग स्थिरांक), लॉग शंभर भागिले नव्याण्णव पॉइंट नऊ, आणि माझंही उत्तर तेच, शून्य पॉइंट शून्य शून्य. पावणेबारा वाजलेले. तासगावला फोन लावला कारण या दिवसांत तो जागा असणार हे माहीत होतं, आणि होताच, ढग आले होते म्हणून शेडवर ताडपत्री ओढायचं काम चालू होतं.

गणित वाचून दाखवलं. पलीकडे ताडपत्रीचा फडफड आवाज. मग म्हणाला, "आरं, गेलं किती ते कशाला घालतोस खाली, राहिलं किती ते घाल. आम्ही चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा मोजतो, उडालेलं पाणी मोजतो का?" खाली ९९.९ नाही, ०.१ घालायचं. लॉग हजार, म्हणजे तीन, सहा पॉइंट नऊ भागिले के, आणि हाफ लाइफ ०.६९३ भागिले के. आलं की दहा. मी फोन ठेवणार तेवढ्यात तो म्हणाला, "तसंही लॉग कशाला पायजे. अर्ध्याचं अर्धं दहा वेळा कर, एक हजार चोविसावा भाग उरतो. झालं की तुझं नव्याण्णव पॉइंट नऊ." आणि कुणावर तरी दोरी घट्ट धर म्हणून ओरडत फोन बंद.

मी हे सगळं स्पीकरवर ठेवलं होतं आणि भाचीने रेकॉर्ड करून ग्रुपवर टाकून दिलं, ताडपत्रीसकट. मला म्हणाली, भारी आहे मामा, पण बोर्डात दहा वेळा अर्धं केलेलं चालणार नाही, स्टेप्सना मार्क असतात. मग तिने फॉर्म्युल्यासकट सगळ्या स्टेप्स नीट लिहून फोटो काढून पाठवल्या, या वेळी अंगठ्याची सावली नव्हती, आणि पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने बारीक अक्षरात शंभर, पन्नास, पंचवीस, साडेबारा असं खाली खाली उतरत गेलेलं होतं.

सकाळी चहाच्या वेळी तिचा फोन वाजला. झोपतो म्हणून गेलेला तो चौथा. विचारत होता, ते शेडवाले काका बफर सोल्युशन पण घेतात का.