लायब्ररी नंतर, आधी प्रोटोकॉल सांगा

रावेर-यावलकडे केळीच्या बागेत आता ओलावा मोजणारे सेन्सर, मोबाईलवरून चालू-बंद होणारे स्टार्टर असं बरंच काय काय बसतंय आणि मला त्याचं सॉफ्टवेअर लिहायला मनापासून आवडतं, पण हे चालवणारा डबा विकणाऱ्याला विचारलं की हा कोणत्या प्रोटोकॉलवर बोलतो तर उत्तर ठरलेलं, "सर आमची लायब्ररी आहे ना, ती टाका." अरे भो, लायब्ररी म्हणजे आपल्या प्रोग्रॅममधे टाकायचा तयार कोड, प्रोटोकॉल म्हणजे दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम, लायब्ररी वेगळी, प्रोटोकॉल वेगळा!

जेएमएस घ्या ना, जावा भाषेतल्या प्रोग्रॅमनी एकमेकांना निरोप पाठवायची पद्धत. 1998 पासून जावावाल्यांकडे आहे, कामाचं स्टँडर्ड आहे, पण ते फक्त एवढंच ठरवतं की तुमच्या कोडने कोणतं फंक्शन कसं बोलवायचं. ब्रोकर, म्हणजे मधे बसून निरोप पोचवणारा प्रोग्रॅम, बदलला तर जार फाईल (जावाची लायब्ररी) बदला, कोड बराचसा तसाच राहतो. पण वायरवरून बाइट कोणत्या क्रमाने जातात ते ज्याचं त्याने ठरवायचं, म्हणून एकाची जार दुसऱ्याच्या ब्रोकरशी बोलेल याची खात्री नाही आणि पायथन भाषेत लिहिणाऱ्याने तर करायचं काय? बँकांनाही हेच नडत होतं, म्हणून 2003 मधे जेपीमॉर्गन चेसमधे जॉन ओहारा यांनी एएमक्यूपी या निरोपांच्या प्रोटोकॉलचं काम काढलं, 2012 ला त्याचं 1.0 ओएसिस या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेचं स्टँडर्ड झालं.

शेतासाठी मात्र मला निरोपांचा दुसरा प्रोटोकॉल, एमक्यूटीटीच पटतं. 1999 मधे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनसाठी बनवलं, तिथे सॅटेलाइटची लिंक महाग, एकेक बाइट वाचवायचा. अजूनही बघा, "मी चालू आहे" एवढं सांगायला डबा फक्त दोन बाइट पाठवतो, हेक्स आकड्यांत (सोळाच्या पद्धतीत) सी-शून्य आणि शून्य-शून्य, ब्रोकर उलट डी-शून्य, शून्य-शून्य पाठवतो, झालं. हे स्पेसिफिकेशनमधे उघड लिहिलंय, कोणीही वाचावं, त्यामुळे डब्यात सी भाषा असो, माझ्याकडे पायथन असो, काही अडत नाही, आणि उद्या विकणाऱ्याने लायब्ररी अपडेट करणं सोडलं तरी शेतकऱ्याचा डबा भंगारात जात नाही.

पण एमक्यूटीटी आहे म्हटल्यावर लगेच खुश होऊ नका, कारण आतल्या मजकुराबद्दल ते काहीच ठरवत नाही, एक डबा ओलावा टक्क्यात पाठवेल, दुसरा सेन्सरचं कच्चं व्होल्टेज, टॉपिकची, म्हणजे निरोप कशाबद्दल आहे ते सांगणाऱ्या शीर्षकाची, नावं तर वाट्टेल ती. तेव्हा ॲडव्हान्स द्यायच्या आधी टॉपिकची यादी, प्रत्येक आकड्याचं एकक आणि ब्रोकरचा पत्ता आपल्याला बदलता येतो का, हे लेखी मागून घ्या.