एक्सएफ सोडलं, व्हीएफ घेतलं

रविवार, रात्री साडेअकरा

शेवटी नहपान, म्हणजे तो क्षत्रप राजा, मिळाला. सातकर्णीही मिळाला म्हणायचं, कारण एकाच नाण्यावर दोघं बसलेत.

नाण्यांच्या लिलावाचा कॅटलॉग आला तेव्हाच दोन लॉटवर पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. दोन्ही नाणी चांदीची, नहपानाने पाडलेली आणि त्याचा पराभव केल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने वर आपला ठसा मारून पुन्हा चालवलेली. वितळवायची खटपट नाही, टांकसाळीत घाल आणि ठोक. १९०६ मध्ये आपल्या सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभीला अशा नाण्यांचा मोठा साठा सापडला होता. तेरा हजारांवर नाणी, त्यातली नऊ हजारांहून जास्त अशी दुहेरी ठशाची. नाशिककर संग्राहकाकडे यातलं एक बरं नाणं नसावं हे मला बरेच दिवस टोचत होतं. होतं ते फारच झिजलेलं, ओळख करून द्यावी लागायची.

पहिल्या लॉटला कॅटलॉगने एक्सएफ, म्हणजे ‘एक्स्ट्रीमली फाइन’, ग्रेड दिली होती. सातकर्णीच्या ठशातल्या चैत्याच्या तिन्ही कमानी ठसठशीत, ब्राह्मी लेख जवळजवळ पूर्ण. दुसरं नुसतं व्हीएफ, म्हणजे ‘व्हेरी फाइन’, एक पायरी खाली. पण फोटो मोठा करून बघितला तर कमानींच्या मागून नहपानाचं नाक, डोळा आणि गालाचा उंचवटा स्पष्ट दिसत होता, आणि कडेला त्या मोडक्यातोडक्या ग्रीक अक्षरांची ओळ. एक्सएफमध्ये नहपान पार दबून गेला होता. माझ्या मते अशा नाण्याची ग्रेड ठरवताना वरचा ठसा किती उठलाय एवढंच बघणं चूक आहे. खालचा राजा अजून किती दिसतो ते बघायला हवं, नाहीतर घ्यायचं कशासाठी?

पैशांची सोय आधीच केली होती. ब्रिटिश रुपयांमधली दुबार नाणी काढली. त्यात १९११ चा तो ‘डुकराचा रुपया’ही गेला. पंचम जॉर्जच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुक्कर दिसला, ओरड झाली आणि सरकारला तो मागे घ्यावा लागला. माझ्याकडे दोन होते, चांगला ठेवला.

लिलावात मी आकडा उलटीकडून ठरवतो. घरातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतात ते आधी, मग त्यातून लिलावगृहाचं प्रीमियम (बोलीवरचं त्यांचं कमिशन), त्यावरचा जीएसटी आणि कुरिअर वजा. उरेल ती माझी शेवटची बोली. ती कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवायची. आज कागदावर साडेसात हजार होते. एक्सएफचा लॉट आला आणि बघता बघता त्याच्या पुढे गेला. मी हात लावला नाही. लगेच सराफ बाजारातल्या अण्णांचा फोन. “अरे, झोपलास काय? एक्सएफ गेलं की!” म्हटलं, “अण्णा, पुढचा लॉट बघा.” “त्यात काय आहे? अर्धवट ठसा.” म्हटलं, तेच हवंय.

व्हीएफवर माझ्याशिवाय एकच जण होता. पाचशे-पाचशेने चढत गेलो. मी साडेसहा म्हटलं आणि समोरचा थांबला. हातोडा पडला.

लिलाव संपल्यावर हिला पांडवलेण्यातला उषवदाताचा लेख सांगत बसलो. हा नहपानाचा जावई. लेणं क्रमांक दहामध्ये त्याने कोरून ठेवलंय की इथल्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे संघाकडे, दोन हजार कार्षापण (चांदीची नाणी) दरमहा शेकडा एक व्याजाने ठेवले, त्या व्याजातून भिक्षूंना वस्त्रं द्यायची. त्याच लेखात एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण असा भावही आहे. एवढ्या चांदीचा व्यवहार चालायचा म्हणजे नाणीही ढिगाने पाडावी लागली असणार. ही बँकेत आहे. तिने फक्त “वर्षाला बारा टक्के? आणि आमची एफडी बघा” एवढंच म्हटलं.

आता माझं जुनं झिजलेलं नाणं. माझा नियम असा की वरचढ आलं की जुनं निघालं पाहिजे, नाहीतर तो संग्रह राहत नाही, नुसता साठा होतो. अण्णांकडे गिऱ्हाईकही आहे. म्हणून पाठवायला बाहेर काढलं आणि सहज उलटवलं. पुढची बाजू गुळगुळीत, पण मागे सातकर्णीच्या ठशातल्या उज्जयिनी चिन्हाची चारही वर्तुळं आणि त्याखालून नहपानाच्या मूळ ठशातल्या बाणाचं टोक अजून दिसतंय. आज घेतलेल्या नाण्याची मागची बाजू फोटोत एवढी स्वच्छ नाही.

ते पुन्हा पाकिटात घातलं. अण्णांना उद्या कळवतो. ही म्हणाली, “म्हणजे जुनं गेलं नाही, नवं आलं, आणि याला तुम्ही अपग्रेड म्हणता.”