खांदेरी-उंदेरी: उंदेरीवर पाय ठेवायचा असेल तर आधी तिथी बघा

खांदेरी आणि उंदेरी हे अलिबागजवळच्या थळ गावासमोर समुद्रात असलेले दोन बेटांवरचे किल्ले. निकाल आधीच सांगून टाकतो. खांदेरी कुणीही करावी, अगदी आजी-आजोबांना घेऊन करावी. उंदेरी मात्र ज्याला पोहता येतं, ज्याचे गुडघे शाबूत आहेत आणि ज्याने होडीवाल्याशी पैशांचं आधी नीट ठरवलंय, त्यानेच. 'दोन्ही किल्ले अर्ध्या दिवसात आरामात होतात' असं जो सांगतो, त्याने उंदेरी होडीतूनच पाहिलेली असते.

आम्हालाही फोनवर तेच सांगितलं होतं. थळच्या एका होडीवाल्याने तीन हजारांत दोन्ही किल्ले कबूल केले, वर 'सकाळी सातला या, पाण्याचं काय टेन्शन नाय' असंही म्हणाला. त्या दिवशी पंचमी होती. कोकण किनाऱ्यावर भरतीचा साधा हिशोब आहे: तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. पंचमीला पावणेचार. त्याच्या सहा तास आधी, म्हणजे दहाच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. हा हिशोब थळमधल्या शेंबड्या पोरालाही येतो, होडीवाल्याला येत नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याला दुपारी दुसरी खेप करायची होती, एवढंच.

सातला पोहोचलो तेव्हाच पाणी मागे सरकायला लागलं होतं. होडीपर्यंत मांडीभर चिखलातून जावं लागलं. मग आधी खांदेरी. तिथे धक्का आहे, उतरणं सोपं. तटबंदी चांगली टिकलीय, गाड्यावर चढवलेली तोफ बघण्यासारखी, ठोकल्यावर धातूसारखा वाजणारा दगड आहे, कोळ्यांचा शिळारूपातला वेताळ आहे, १८६७ सालचं दीपगृह आहे. सगळं झकास. त्यावर फार लिहीत नाही, कारण त्यात कुणाचं काही चुकणार नाही.

तिथून उंदेरीकडे निघालो तर तांडेल, म्हणजे होडी चालवणारा, म्हणाला, "दादा, तिथं होडी लागत नाय आता. चक्कर मारतो, फोटो काढा."

मी म्हटलं, "उतरायचं ठरलंय आपलं."

"उतरायचं तर जास्ती द्यायला लागंल. होडीला दगड घासतो."

भर समुद्रात दीड हजार वाढले. तिथे भांडून काय करणार, पोहत थोडंच जाणार होतो? दिले. एक सांगतो, होडीला दगड घासतो हे खोटं नाही. रागावलोय तो यासाठी, की हे त्याला फोनवर सांगता आलं असतं.

आता तो उतरण्याचा भाग. उंदेरीला धक्का नाही. ओहोटीला तटाच्या बाहेर काळ्या खडपांचा, म्हणजे खडकांचा, पट्टा उघडा पडतो, त्यावर शेवाळ आणि कालवं, म्हणजे दगडाला चिकटलेले धारदार शिंपले. होडी खडपापासून हातभर लांब थांबते, इंजिन न्यूट्रलला, एक खलाशी मागे नांगराचा दोर ताणून धरतो, दुसरा पुढे बांबू दगडाला टेकवून उभा. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर जाते, खाली येते. उडी मारायची ती होडी लाटेवर पूर्ण वर असताना. खाली जायला लागली की थांबायचं, पुढच्या लाटेची वाट बघायची. आमच्यातल्या एकाने नेमकी खाली जाताना उडी टाकली, एक पाय फटीत गेला आणि कालवांनी नडगी सोलून काढली. टाके पडले नाहीत हे नशीब. पाठीवर सॅक ठेवून उडी मारू नका. आधी माणूस जाऊ द्या, मग सॅक हातोहात. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत. सँडल, फ्लोटर असलं काही नको, घट्ट बांधलेले कॅनव्हासचे जुने बूटच हवेत. ते नंतर टाकून द्यावे लागले तरी चालेल.

उतरल्यावर पुढची वीस-पंचवीस पावलं चारी पायांवर. लाज वाटू देऊ नका.

त्या खडपावर बसून नडगीला पट्टी बांधताना एक गोष्ट मात्र पटली. या दोन बेटांचा सगळा झगडा किल्ल्याच्या भिंतीपेक्षा उतरण्याच्या जागेचाच आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांच्या हुकमाने मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार तोफा घेऊन खांदेरीवर उतरले आणि बांधकाम सुरू केलं. इंग्रज म्हणाले बेट मुंबईचं, आमचं. मुंबई बंदराच्या तोंडाशी मराठ्यांचं ठाणं त्यांना परवडणारच नव्हतं. त्यांनी जहाजं लावून नाकाबंदी केली. सप्टेंबरात लेफ्टनंट थॉर्प होडी घेऊन बेटाला भिडायला गेला आणि मारला गेला. त्यांची मोठी गलबतं वाऱ्यावर अवलंबून, आणि मराठ्यांच्या लहान होड्या रात्रीच्या अंधारात वल्हवत उथळ पाण्यातून रसद पोहोचवून परत जायच्या. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या हाताखालच्या मराठा आरमाराशी लढाई झाली. इंग्रजांचं 'डोव्ह' हे जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, त्यांच्या 'रिव्हेंज' जहाजाने झुंज देऊन आपला बचाव केला. पण बेट काही सुटलं नाही आणि १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांना समेट करावा लागला.

तोवर जानेवारीत मराठ्यांचा वैरी, जंजिऱ्याचा सिद्दी, याने शेजारची उंदेरी गाठून तिथे तोफा चढवल्या होत्या. म्हणजे समोरासमोर दोन बेटं, एकावर मराठे, एकावर सिद्दी, आणि मधल्या पाण्यावर डोळा ठेवून बसलेले इंग्रज. त्याच वर्षी संभाजी महाराजांची दोनशे माणसं रात्री उंदेरीवर उतरली. सिद्दीच्या लोकांना सुगावा लागला आणि कापाकापी झाली. सिद्दीने ८० मुंडकी मुंबईला नेली, माझगावच्या किनाऱ्यावर खांबांवर लावायचा त्याचा बेत होता. तो इंग्रजांनी होऊ दिला नाही. दिवसाढवळ्या, इंजिनाच्या होडीतून, समोरून कुणी गोळी झाडत नसताना आमची ही अवस्था झाली. त्या दोनशे जणांनी तिथे अंधारात पाय कसा टाकला असेल, याचा अंदाज त्या शेवाळावर उभं राहिल्याशिवाय येत नाही. पुढे १७१८ मध्ये इंग्रज पुन्हा खांदेरीवर आले, तेव्हा ती कान्होजी आंग्र्यांकडे होती. पुन्हा हात हलवत परत गेले. आज त्या बेटाचं सरकारी नाव कान्होजी आंग्रे बेट आहे.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे, उंदेरी नाही. उंदेरीच्या आत गेल्यावर फरक दिसतोच. दरवाजा आणि बुरूज अजून ताठ उभे आहेत, पण आत नुसतं रान. तोफा झुडपांत लोळतायत, टाक्यांतलं पाणी हिरवंगार. प्यायचं पाणी माणशी दोन लिटर तरी सोबत हवं. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, काटे आहेत. फलक, वाट, सावली यातलं काही नाही. मला ती खांदेरीपेक्षा दसपट आवडली, पण तुम्हाला आवडेलच असं नाही, आणि त्यासाठी कुणाला जबरदस्तीने होडीतून ढकलू नका.

मग जायचं कधी? पावसाळ्यात विषयच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं, पुढे दुपारी वारा सुटतो आणि येताना होडी आपटत येते. तिथी दशमी ते द्वादशी धरा, शुक्ल असो वा कृष्ण. भरती सकाळी साडेसात ते नऊच्या दरम्यान येते, अर्धा तास मागेपुढे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाण्याला ओढ फार, तेव्हा उंदेरी नको. भरतीच्या दीड तास आधी थळहून निघा आणि आधी उंदेरी करा. पाणी चढतं असलं की होडी आत जवळ येते, खडपाचा वाईट भाग पाण्याखाली जातो. पाणी फिरायच्या आत परत होडीत बसा, मग निवांत खांदेरी, तिथे धक्का असल्याने घाई नाही.

पैशांचं बोलताना 'दोन्ही किल्ले' असं म्हणू नका. 'उंदेरीवर उतरवायचं, तासभर थांबायचं, परत घ्यायचं' असं तोडून बोला, लाइफ जॅकेट माणशी एक आहे का विचारा, आणि अर्धे पैसे थळला परत आल्यावर द्या. होडीवाला कां-कूं करायला लागला तर दुसरा बघा, किनाऱ्यावर होड्यांना तोटा नाही. अलिबागहून थळपर्यंत रिक्षा मिळते, पण परतीची तिलाच सांगून ठेवा. ओल्या बुटांनी आणि सोललेल्या नडगीने हमरस्त्यापर्यंत चालत जायला आम्हाला जीवावर आलं होतं.